ओट्यावरची भिंत

“न्हाई धरलं, मिस्त्री,” महादू गवंडी दारातच म्हणाला. मी अजून सायकल कुंपणाला टेकवलीसुद्धा नव्हती.

महादूला त्याचं फारसं दुःख झालेलं दिसत नव्हतं. नाईकवाड्यांच्या अंगणात विटांची थप्पी रचलेली होती, वाळूचा ढीग होता, सिमेंटची पोती ताडपत्रीखाली झाकलेली होती, आणि महादू लिंबाच्या सावलीत त्या थप्पीवर बसून तंबाखू मळत होता. माझा जोड धरेपर्यंत त्याला दुसरं काम नव्हतं.

मी आत गेलो. स्वयंपाकघर रिकामं केलेलं होतं. मांडणीवरचे डबे, ताटाळं, गॅसच्या शेगड्या, सगळं बाहेर हलवलं होतं आणि उरला होता तो फक्त ओटा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला, काळ्या कडाप्प्याचा, अखंड. एवढा लांब एकसंध दगड मी बार्शीत दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिला नव्हता. बरोबर मधोमध महादूनं छिन्नीनं खाच पाडली होती, आणि त्या खाचेतून एक तडा तिरका धावत पुढच्या कडेपर्यंत आला होता. तड्यानं सुटलेला कोपरा मी आदल्या दिवशी भरून, शिकंज्यात आवळून, खालून टेकू देऊन गेलो होतो. शिकंजा जागेवर होता, टेकूही होता. मी बोटानं कोपरा दाबला. दुधाच्या दातासारखा तो हलला.

हे सलग दुसऱ्यांदा झालं होतं.

मी हणमंत धोत्रे. आमच्या घराण्यात सगळे दगड फोडणारे. जोडायचं खूळ माझ्या एकट्याच्याच डोक्यात शिरलं. कुणी उत्साहाच्या भरात ओट्याच्या कडेवरच नारळ फोडलेला असे, कुणी रसरशीत तापलेली कढई तशीच टेकवलेली, कुणाच्या घरी खलबत्त्यात तिखट कुटता कुटता ओटाच दुभंगलेला. मी जायचो, चीर साफ करायचो, त्याच दगडाची पूड केमिकलमध्ये कालवून भरायचो, घासायचो, वरून तेलाचा हात द्यायचो. मग घरच्या बाईला म्हणायचो, दाखवा बघू तडा कुठं होता. तिला सापडायचा नाही, आणि तेवढंच काय ते माझं सुख. ‘धोत्र्याचा जोड सुटत नाही’ असं गावातल्या बायका एकमेकींना सांगायच्या. मला ना दुकान होतं ना पाटी. या एका वाक्यावर माझं घर चालायचं.

त्यातून त्या उन्हाळ्यात एका मोठ्या मंगल कार्यालयाची डागडुजी निघाली होती. तिथल्या भटारखान्यातले सगळे ओटे दुरुस्त करायचे होते. ते काम मिळालं असतं तर दारोदार सायकल हाणणं निदान वर्षभर तरी सुटलं असतं. कार्यालयाच्या शेटजींकडे माझं नाव नाईकवाड्यांच्या धाकट्यानं, उद्धवरावांनीच घातलं होतं, आणि शेटजी म्हणाले होते, आधी तुमच्या घरचं काम कसं होतंय ते बघू.

तर असा माझा जीव त्या कोपऱ्यात अडकला होता. शिवाय मी थकलो होतो. गुडघे दगडाच्या पुडीनं आणि उकिडवं बसून बसून गेले होते, घरी जाऊन पडलो तरी डोळा लागायचा नाही. भिंतीपलीकडे माझा भाऊ भीमा खोकायचा आणि मी ते ऐकत पडून राहायचो.

नाईकवाडी म्हणजे मांडववाले. थोरले रामलिंग, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आणि धाकटे उद्धव. बापाच्या मागं दोघांनी धंदा वाढवला होता. आबांनी अमुक दिवशी मांडव उभा राहील म्हटलं की वारा येवो, पाऊस येवो, मांडव उभा राहायचा. या शब्दाचा आबांना फार अभिमान. आणि त्यानंच सगळा घोटाळा केला. वैरागच्या एका लग्नात वाऱ्यानं मांडवाची एक बाजू बसली. आबांनी भर वऱ्हाडात धाकट्या भावाला सुनावलं, “तुझ्यापेक्षा बांबूला अक्कल हाय.” उद्धवरावांची पोरं मिसरूड फुटलेली, ती शेजारीच उभी होती. उद्धवराव तिथून तडक घरी आले आणि भांडी आपटायला लागले. शब्दानं शब्द वाढत गेला, शेवटी कुर्डुवाडीहून मामांना बोलावणं गेलं. वाटणीला मामा बसल्याशिवाय आमच्याकडे चालत नाही. त्या बैठकीत आबा चार माणसांसमोर म्हणाले, “चुली वेगळ्या करा. स्वयंपाकघरात मधोमध भिंत घाला. माझा शब्द हाय.”

झालं. महादू आला, भिंत ओट्यावर नीट बसावी म्हणून खाच पाडायला लागला आणि हातोडा जरा जास्त पडला. तडकलेल्या दगडावर वीट ठेवणार नाही, आधी तो भरून घ्या, असं तो म्हणाला. म्हणून मी आलो होतो, आणि माझ्या जोडासाठी सगळी भिंत ताटकळली होती.

उद्धवराव आत आले. बुटका, गोरा माणूस, बोलणं मऊ. त्यांनी कोपरा हलवून बघितला.

“मिस्त्री, काय हे? केमिकल जुनं हाय का?”

“नवा डबा फोडलाय तुमच्या देखत.”

“मग?”

“बघतो.”

“शेटजींनी कालच विचारलं मला, कसा हाय तुमचा मिस्त्री म्हणून. मी म्हटलं, सांगतो.” त्यांनी कोपरा पुन्हा हलवला. “आता काय सांगू, तुम्हीच सांगा.”

मागं दारात आबा येऊन उभे होते. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा. भावाकडे न बघता ते मला म्हणाले, “उद्या मामा यायलेत. तवर काय ते निकालात काढा. भिंतीचं लई दिवस झालं.”

“व्हय,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दोघं दोन दारांनी गेले. मी शिकंजा सोडला, कोपरा काढून उजेडात नेला आणि चष्मा लावून जोडाचा चेहरा बघितला. जोड आपण होऊन सुटला तर केमिकल काचेसारखं स्वच्छ सुटतं. इथं मात्र त्याला बारीक बारीक तारा आल्या होत्या, पाक कच्चा असताना बोट उचलावं तशा. म्हणजे केमिकल ओलं असतानाच कुणीतरी कोपरा हलवला होता, आणि शिकंजा परत आवळून ठेवला होता.

रागापेक्षा मला हायसंच वाटलं. माझा हात चुकला नव्हता. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला, हे करतंय कोण?

परसात धूर निघत होता. स्वयंपाकघर बंद म्हणून दोघी जावांनी तिथं तीन दगडांची चूल मांडली होती. थोरल्या शशिकलावहिनी तव्यावर भाकरी टाकत होत्या आणि धाकट्या मंदावहिनी परातीत थापत होत्या, डाव्या हातानं. मंदावहिनी डावऱ्या. त्यांनी मला पाटावर बसायला सांगितलं आणि चहा ठेवला.

“परसातली चूल बरी चाललीय,” मी खडा टाकून बघितला.

“एकच हाय ना सध्या,” मंदावहिनी म्हणाल्या. “म्हणून बरी चाललीय.”

“धूर सोसतोय?”

“गॅसपेक्षा सोसतोय,” शशिकलावहिनी म्हणाल्या. त्यांनी भाकरी उलटली. “मिस्त्री, तुम्ही सावकाश करा हो काम. घाई कुणाला हाय?”

“घाई मामांना हाय. आबांना हाय.”

शशिकलावहिनींनी न बघता हात मागं केला आणि मंदावहिनींनी त्यात पुढची भाकरी दिली. मी मनात म्हटलं, सापडलं. या दोघींचंच हे काम. जोड धरला की भिंत उठणार, भिंत उठली की ही चूल विझणार. म्हणून दोघी रोज माझं नाक कापतायत.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मी स्वयंपाकघरात परत गेलो आणि पहिल्यांदाच तो ओटा नीट न्याहाळला. दगडाची दोन्ही टोकं अजून बापाच्या काळातली, लखलखीत. तिथं कुणी फारसं उभंच राहिलेलं नव्हतं. पोळपाटाच्या पायांनी, परातीच्या बुडांनी झिजून मळकट झाला होता तो फक्त मधला भाग. शेजारी शेजारी दोन झिजलेले पट्टे, एक उजव्या हाताच्या बाईचा आणि त्याच्या डाव्या अंगाला डावऱ्या बाईचा. तशा उभ्या राहिल्या की दोघींची कोपरं एकमेकींना लागत नाहीत. एवढा लांब ओटा असून या दोन बायका वर्षानुवर्षं मधेच, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या होत्या. आणि महादूची खाच बरोबर त्या दोन पट्ट्यांच्या मधून गेली होती.

मी बराच वेळ तसाच बसलो. मग उठलो, कारण बसून माझं घर चालणार नव्हतं. जुनं केमिकल खरवडलं, चीर थिनरनं पुसली, कोरडी केली, पुन्हा भरली. या खेपेस काम सकाळीच उरकलं आणि ठरवलं की संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्याजवळून हलायचं नाही. दुपारी मात्र उद्धवराव मांडवाच्या कामावर गेले, दोघी जावा बाजाराला निघाल्या. हात लावणाऱ्या दोघीही घराबाहेर पडल्या, आता काय भीती, असं म्हणून मी देवळाच्या पारावर भाकरी खायला गेलो. पारावर बसल्यावर लक्षात आलं, डबा ओट्याखालीच राहिला.

तळपत्या उन्हात परत आलो. महादू विटांवर आडवा होऊन घोरत होता. मी चप्पल काढून आत शिरलो आणि उंबऱ्यातच थांबलो.

आबा गुडघ्यांवर बसले होते. एका हातानं त्यांनी शिकंज्याचा स्क्रू ढिला केला होता आणि दुसऱ्या हातानं तो कोपरा हळूहळू हलवत होते, लहान पोराला झोपेतून उठवावं तसं.

माझी चाहूल लागली तरी ते दचकले नाहीत. मान वळवून बघितलं फक्त.

“डबा विसरला व्हय?”

“व्हय.”

“तिथं हाय बघा, खाली.”

मी डबा घेतला नाही. ते उठायला गेले, गुडघ्यांनी ऐकलं नाही, तसेच खाली बसले आणि पाठ ओट्याला टेकली. मीही समोर बसलो. माझेही गुडघे काही वेगळे नव्हते.

“आधीच्या दोन्ही वेळेलाही तुम्हीच?” मी विचारलं.

“मीच.”

“आणि मी दोघी वहिनींवर संशय घेत होतो.”

“त्यांना म्हाईत न्हाई. कुणालाच म्हाईत न्हाई.” त्यांनी पंच्यानं बोटं पुसली. केमिकल पुसलं जात नाही, त्यांच्या अंगठ्याच्या नखात ते काळं होऊन बसलं होतं.

“आबा, भिंत घाला म्हणणारे तुम्हीच ना?”

“मीच.”

“मग घालू नका म्हणा की.”

ते हसले, पण आवाज न करता. “मामांसमोर बोललोय. चार माणसं बसली होती. आजवर या तोंडानं बोललेलं एकदाही माघारी घेतलं न्हाई, मिस्त्री. सगळा धंदा त्याच्यावर उभा ऱ्हायला. आता माघारी घेऊ? आन उद्धवला काय म्हणू, चुकलो?”

“म्हणायला काय होतं?”

“तुमच्या तोंडातनं निघतंय का?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “भाऊ हाय का तुम्हाला?”

“हाय. धाकटा.”

“एकत्र हाय?”

“शेजारी,” मी म्हणालो.

बाहेर महादूचं घोरणं ऐकू येत होतं. आबा त्या कोपऱ्याकडे बघत बोलायला लागले, आवाज अगदी खाली.

“रोज वाटतं, उद्धव येईल आन म्हणंल, आबा, ऱ्हाऊ द्या भिंत. त्यो येत न्हाई. त्यालाबी वाटत असंल, आबा म्हणतील. दोघंबी वाट बघायलोय. तवर हा दगड जुळू नये, एवढंच.” मग ते एकदम म्हणाले, “तुम्ही सांगा. उद्या मामा आले की सांगा, हा दगड धरत न्हाई, ह्याच्यावर भिंत उभी ऱ्हाणार न्हाई. तुमचं नाव हाय. तुम्ही म्हणला तर मामाबी गप बसतील. मला न्हाई सांगता येत.”

मला त्यांचा खरोखर राग आला. स्वतःचा शब्द राखायला हा माणूस माझा शब्द मागत होता.

“आबा, दगड धरतोय,” मी म्हणालो. “माझा जोड धरतोय. न्हाई म्हणालो तर गावात मला कोण दारात उभं करंल? उद्धवराव शेटजींना सांगतील.”

“सांगंल. तसाच हाय त्यो.”

“मग?”

“मग काय न्हाई.” त्यांनी हात वर केले आणि मांडीवर टाकले. “तुमच्यावर जबरदस्ती न्हाई. घट्ट बसवा जोड. आता मी हात लावणार न्हाई.”

ते शिकंजा आवळायला वळले. स्क्रू काही त्यांच्या पकडीत येईना. शेवटी मी त्यांचा हात बाजूला केला, कोपरा पुन्हा भरला आणि शिकंजा आवळला. आबांनी शेजारी बसून ते सगळं बघितलं आणि शब्दाप्रमाणे मग हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा जोड धरलेला होता. टेकू काढला, शिकंजा काढला, कोपरा दाबला, वर भार देऊन बघितला. जरासुद्धा हलला नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. हात आपलं काम चोख करतात तेव्हा मन कुठं असतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

तेवढ्यात मामा आले. ठेंगणे, काटक, हातात छत्री. पाठोपाठ आबा, उद्धवराव, महादू. दोघी जावा परसाच्या दारात उभ्या राहिल्या, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर.

“काय मिस्त्री,” मामा म्हणाले, “धरला का न्हाई तुमचा दगड? का ह्यो तिसऱ्यांदाबी तसाच?”

सगळे माझ्याकडे बघत होते. आबा बघत नव्हते. ते छताकडे बघत होते, मांडवाचा बांबू सरळ आहे का बघावं तसे.

त्या क्षणी मी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. थकलेला माणूस ठरवत नाही. मला शेटजींचे ओटे दिसले, सायकल दिसली, घरचं स्वयंपाकघर दिसलं. मी पिशवीतून हातोडी काढली.

“ठोकून बघतो,” म्हणालो.

वरून दिवसभर ठोकला असता तरी तो जोड सुटला नसता. मी ओट्याखाली वाकलो, आणि जिथं खालून घाव बसला की नवा जोड तग धरत नाही, नेमका तिथं मारला. एकदा. मग आणखी एकदा, जोरात. माझ्याच हातचा जोड तो, सहज सुटायला तयार नव्हता. दुसऱ्या घावाला कोपरा कडकन निघाला आणि माझ्या डाव्या हातात आला.

“न्हाई धरत,” मी म्हणालो. “माझ्याच्यानं न्हाई होत. ह्या दगडावर वजन देऊ नका. भिंत खचंल.”

मग महादू म्हणाला, “मी तर आधीच म्हणलो होतो. काढून टाका हा दगड, दोन नवे बसवू. दोघांना दोन.”

“दगड काढायचा न्हाई,” उद्धवराव म्हणाले.

ते इतके पटकन बोलले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं. मामांनी त्यांच्याकडे बघितलं.

“दादांनी, आमच्या वडलांनी आणलेला दगड हाय,” उद्धवराव खाली बघून म्हणाले. “गाडीतनं आणताना आम्ही दोघं धरून बसलो होतो, दोन्ही बाजूनं. तडकू नये म्हणून. आबांना म्हाईत हाय.”

आबांनी छतावरची नजर काढली नाही.

“मग भिंत?” मामा म्हणाले. “शब्द दिलाय म्हणून विचारतो.”

“भिंत घाला की,” उद्धवराव म्हणाले. “ओट्यापातूर घाला. ओटा ऱ्हाऊ द्या तसाच.”

मामांनी आबांकडे बघितलं. “चालंल का?”

“धाकट्याच्या मनात असंल तसं,” आबा म्हणाले. एवढंच. दारात मंदावहिनींनी पदर तोंडाला लावला आणि शशिकलावहिनी लगबगीनं चुलीकडे गेल्या, जणू काहीतरी करपत होतं.

मी हत्यारं गोळा करून निघालो. उद्धवराव फाटकापर्यंत आले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता.

“शेटजींना काय सांगू?”

“बघितलं ते सांगा.”

आणि त्यांनी सांगितलं. लबाडी करणारा माणूस नव्हता तो. मंगल कार्यालयाचं काम लातूरच्या कुणाला तरी गेलं. महादूनं ती गोष्ट गावभर मीठमसाला लावून सांगितली, धोत्र्यानं स्वतःच जोड ठोकला आन सगळ्यांसमोर हातात आला म्हणून. पुढची बरीच वर्षं मी बार्शी सोडून आजूबाजूच्या गावांतून कामं केली. जिथं मला कुणी ओळखत नव्हतं तिथं माझे जोड चांगले धरायचे.

महिन्याभरानं शशिकलावहिनींनी निरोप पाठवला. भिंत झाली होती. दारापासून निघून ती ओट्याच्या दोन हात अलीकडे थांबली होती, म्हणजे दोन्हीकडून माणूस सहज आरपार जाईल इतकी वाट राहिली होती. दोन शेगड्या होत्या, शब्दाप्रमाणे वेगवेगळ्या. पण ओटा एकच होता आणि दोघी त्याच्या मधेच उभ्या होत्या, आपापल्या झिजलेल्या पट्ट्यांपाशी. मी तो कोपरा शेवटचा जोडला, महादूची खाचही त्याच काळ्या पुडीनं बुजवली, घासली, तेलाचा हात दिला.

“दाखवा बघू तडा कुठं होता,” सवयीनं म्हणालो.

मंदावहिनींनी डाव्या हाताचं बोट नेमकं त्या जागेवर ठेवलं. आजवर कुणाला तो सापडला नव्हता.

“इथं,” त्या म्हणाल्या. “दिसत न्हाई, पण म्हाईत असू दे.”

आबांनी त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधी अवाक्षर काढलं नाही. बाजारात भेटले की ते थांबायचे, पान द्यायचे आणि आपण निघून जायचे. आबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी उद्धवराव बसलेले होते, असं मी ऐकलं. हाकेसरशी ते आले होते, ओट्याजवळच्या त्या वाटेनं.

मी माझ्या नावावर का पाणी सोडलं हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. बायकोनं पुष्कळदा विचारलं. मी म्हणायचो, दगडच तसला होता. खरं कारण आमच्या स्वयंपाकघरात उभं होतं, ती रोज त्यालाच मसाल्याच्या डब्यांची फळी लावून स्वयंपाक करत होती.

आमचीही वाटणी अशीच झाली होती, नाईकवाड्यांच्या काही वर्षं आधी. कारण आता मला नीटसं आठवतही नाही, भीमाला आठवत होतं की नाही देव जाणे. आमच्याकडे ओटा तडकला नाही, कुणाचा जोड सुटला नाही, कुणी मिस्त्री मधे बोलला नाही. भिंत या दारापासून त्या भिंतीपर्यंत, खालपासून वरपर्यंत सरळ उठली आणि भीमाच्या घराचं दार मागच्या गल्लीत गेलं.

यंदा उन्हाळ्यात एके सकाळी मी ओट्याशी चहा गाळत उभा होतो आणि पलीकडचा खोकला थांबला. रोज थांबायचा तसा नाही. एक भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी भिंतीवर हात मारला, भीमा म्हणून हाक दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग तसाच अनवाणी निघालो, पुढच्या दारातून बाहेर, गल्लीच्या टोकापर्यंत, पिठाच्या गिरणीला वळसा घालून मागच्या गल्लीत. तो आपल्या ओट्यापाशीच पडला होता, माझ्यापासून एका विटेच्या अंतरावर. मी पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

भीमाचे दिवस उरकल्यावर मी त्या भिंतीवरची फळी काढली, डबे उतरवले आणि वरपासून खालपर्यंत तिच्यावरून हात फिरवून बघितला. आमचा गवंडी फार चांगला होता. भिंतीला आजही केसभर तडा नाही.